परमुलखात रुजलेला गिटारवाला

गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांत पेटी-तबल्याच्या जोडीला आता गिटारही सर्रास दिसते. आपल्या घरातली मुलेमुली ती हौसेने शिकतात. मात्र हे वाद्य घडवणाऱ्या कारागिरांची आपल्याला फारशी ओळख नसते. म्हणून यंदा आम्ही ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवत आहोत. मार्टिन हे गाव सोडून परमुलखात स्थायिक झालेले गृहस्थ. आपलेही पूर्वज कुणी चाकरीसाठी, कुणी व्यापारासाठी असेच घराबाहेर पडले. त्यामुळे ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये.

मार्टिन यांचा जन्म ३१ जानेवारी १७९६ रोजी जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात, मार्कनॉयकिर्शेन या गावी झाला. हे गाव व्हायोलिन बनवणाऱ्यांचे म्हणून प्रसिद्ध. मार्टिन यांचे घराणे मात्र कपाटे, मेजे करणाऱ्या सुतारांचे. वडील गिटारीही बनवत. तरुणपणी मार्टिन व्हिएन्नाला गेले आणि योहान गेओर्ग स्टाउफर या नामांकित गिटारकाराच्या हाताखाली तयार झाले. तिथेच १८२५ साली एका हार्पकाराच्या मुलीशी, ओटिलीशी, त्यांचा विवाह झाला. पुढे ते गावी परतले.

गावात वेगळेच प्रकरण उभे राहिले होते. त्या काळी युरोपात प्रत्येक धंद्याचा संघ असे आणि कोणी काय बनवावे हे संघाच्या नियमांनी ठरे. व्हायोलिनकारांच्या संघाने १८२६ साली तक्रार केली, की वाद्य घडवणे ही आमची कला. सुतारांनी लाकूडसामान करावे, गिटारीला हात लावू नये. सुतारांनी उलट म्हणणे मांडले, की गिटार हे व्हायोलिनकारांचे वंशपरंपरागत वाद्य नव्हेच. तंटा काही वर्षे चालला. मार्टिन हे स्टाउफर यांच्याकडे जबाबदारीच्या जागी काम केलेले कसबी कारागीर आहेत, अशी बाजूही त्यात मांडली गेली. अखेर निकाल सुतारांच्या बाजूने लागला. सरकारी नोकरीत फायली हाताळणाऱ्या आम्हांला यातले एक कळते : निकाल बाजूने लागला तरी मधली वर्षे कोणी परत देत नाही.

१८३३ साली मार्टिन यांनी बायकामुलांसह अमेरिकेची वाट धरली. न्यूयॉर्कला हडसन स्ट्रीटवर त्यांनी दुकान थाटले. मागच्या बाजूला गिटारी घडत आणि पुढे सर्व तऱ्हेची वाद्ये व संगीताचे छापील कागद विकले जात. नुसत्या गिटारीवर पोट भरणे कठीण, हे त्यांनी ओळखले होते. पण मोठ्या शहरात कुटुंबाचे मन रमेना. हाइनरिश शाट्झ हा गाववाला मित्र आधीच पेनसिल्व्हेनियातील नाझरेथजवळ राहायला गेला होता. तिथली वस्ती जर्मन बोलणारी, धर्मनिष्ठ आणि संगीताची आवड असलेली. १८३९ साली मार्टिनही दुकान विकून तिकडे गेले. गिटारी तिथे बनत, पण विक्री न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांमार्फत होई. म्हणून वाद्यावर १८९८ सालापर्यंत न्यूयॉर्कचाच शिक्का पडत राहिला.

मार्टिन यांचे मोठे काम गिटारीच्या पोटात दडलेले आहे. गिटारीची वरची फळी अगदी पातळ असावी लागते, नाहीतर आवाज खुलत नाही. पण तारांच्या ताणाने पातळ फळी वाकते. तिला आधार म्हणून आतून लाकडी पट्ट्या चिकटवतात. जुन्या पद्धतीत त्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या असत. मार्टिन यांनी १८४० नंतरच्या दशकात दोन पट्ट्या एकमेकींना फुलीसारख्या छेदून बसवल्या. त्या काळच्या इतर जर्मन कारागिरांच्या गिटारींतही ही रचना आढळते, पण मार्टिन यांनी ती नीट बसवली आणि टिकवली. तेव्हा तारा आतड्याच्या असत. विसाव्या शतकात पोलादी तारा आल्या, ताण कितीतरी वाढला, आणि तो पेलायला हीच फुली कामी आली. आज पोलादी तारांच्या बहुतेक गिटारींत ती असते.

१८६७ साली मुलगा आणि पुतण्या यांना भागीदार करून त्यांनी पेढीची रीतसर घडी बसवली. १६ फेब्रुवारी १८७३ रोजी नाझरेथ येथेच त्यांचे निधन झाले. पेढी मात्र पिढ्यान्‌पिढ्या घराण्यातच राहिली. २००४ साली तिने दहा लाखावी गिटार बनवली.

आपल्याकडे मिरजेचे शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकातच ते सतार-तंबोऱ्याकडे वळले आणि मिरजेचे नाव त्यांनी देशभर नेले. नेमून दिलेल्या कामापलीकडे हात गेला, म्हणून ही घराणी पुढे आली. आपल्या घरातील एखाद्या मुलाला किंवा मुलीला उद्या वाद्य वाजवण्याऐवजी ते बनवावेसे, दुरुस्त करावेसे वाटले, तर हे आपल्याकडचे काम नव्हे असे म्हणून तिला मागे ओढू नये, एवढेच आमचे सांगणे. बुद्धीची देवता गणराय कलांचीही देवता आहे, आणि कलेत कारागिरी येतेच.

गणपती बाप्पा मोरया!