आल्फ्रेड बिने

आल्फ्रेड बिने (जन्म : नीस, ८ जुलै १८५७, मृत्यू : पॅरिस, १८ ऑक्टोबर १९११) हे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ होते. तेओदोर सिमाँ यांच्या सहकार्याने त्यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केलेली कसोटी ही आधुनिक बुद्धिमापनाची सुरुवात मानली जाते. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांच्या अडचणींची पद्धतशीर तपासणी करण्याची परंपरा त्यांच्या कार्यातून विकसित झाली.

प्रारंभिक जीवन

बिने यांचा जन्म झाला तेव्हा नीस हे शहर सार्डिनियाच्या राज्यात होते. त्यांचे वडील वैद्य व आई चित्रकार होती. आईवडील विभक्त झाल्यावर ते आईसोबत पॅरिसला आले. १८७८ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली. पुढे वैद्यकाचे शिक्षण सुरू केले. परंतु ते अर्धवट सोडून राष्ट्रीय ग्रंथालयात स्वतःच मानसशास्त्राचे वाचन केले.

१८८३ पासून त्यांनी साल्पेत्रिएर रुग्णालयात मज्जाविकारतज्ज्ञ झाँ-मार्ताँ शार्को यांच्याकडे काम केले. तेथे शार्ल फेरे यांच्याबरोबर त्यांनी संमोहनावर प्रयोग केले. लोहचुंबकाने संमोहित रुग्णाची लक्षणे शरीराच्या एका बाजूकडून दुसरीकडे सरकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा परिणाम सूचनेमुळे घडतो, अशी टीका झाली आणि अखेर बिने यांनी ती मान्य केली. परीक्षकाच्या अपेक्षेचा परीक्षार्थीवर होणारा प्रभाव हा पुढे त्यांच्या अभ्यासाचा विषय बनला.

मुलांचा अभ्यास

१८८४ मध्ये त्यांचा विवाह लोर बाल्बियानी यांच्याशी झाला. माद्‌लेन व आलीस या आपल्या मुलींचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले. एकाच घरात वाढणाऱ्या दोघींची विचार करण्याची रीत वेगवेगळी असल्याचे त्यांना आढळले. १८९१ मध्ये ते सॉर्बोन येथील शरीरक्रियात्मक मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत रुजू झाले व १८९४ मध्ये तिचे संचालक झाले. फ्रान्समध्ये प्राध्यापकपद मात्र त्यांना कधीच मिळाले नाही.

कवटीच्या मोजमापावरून बुद्धीचा अंदाज घेण्याचाही त्यांनी प्रयत्न केला. हुशार व मंद मुलांच्या मोजमापांतील फरक अगदी किरकोळ निघाल्याने ती वाट त्यांनी सोडून दिली.

बिने-सिमाँ कसोटी

फ्रान्समध्ये १८८२ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. त्यामुळे नेहमीच्या अध्यापनाने न शिकू शकणारी मुले शाळांच्या नजरेस येऊ लागली. अशा मुलांच्या प्रश्नासाठी १९०४ मध्ये शासनाने आयोग नेमला. बिने त्याचे सदस्य होते. एकाच मुलाविषयी निरनिराळ्या डॉक्टरांची निदाने जुळत नसत. मूल त्रासदायक आहे म्हणून शिक्षक त्याला वेगळ्या वर्गात धाडतील, हा धोकाही होता. चुकीच्या शिक्क्याने मुलाचे आयुष्य बदलू शकत असल्याने वस्तुनिष्ठ कसोटीची गरज होती.

१९०५ च्या कसोटीत सोप्याकडून कठिणाकडे जाणारे ३० प्रश्न होते. जळत्या काडीकडे पाहणे, चित्रांतील वस्तूंची नावे सांगणे, ऐकलेले अंक पुन्हा म्हणणे, वजनांची तुलना करणे, अमूर्त शब्दांतील फरक सांगणे अशी त्यांची व्याप्ती होती. १९०८ च्या आवृत्तीत प्रश्नांची विभागणी वयानुसार करण्यात आली व त्यातून मानसिक वयाची संकल्पना रूढ झाली. तिसरी आवृत्ती १९११ मध्ये, बिने यांच्या मृत्यूच्या वर्षी निघाली.

विचार

कसोटी मुलाची सध्याची स्थिती दाखवते. तिचे कारण किंवा मुलाचे भवितव्य सांगत नाही, अशी बिने यांची भूमिका होती. बुद्धी जन्मतः कायमची ठरलेली असते, हे मत त्यांना मान्य नव्हते. लक्ष, स्मरण व इच्छाशक्ती वाढवण्यासाठी त्यांनी मानसिक व्यायाम सुचवले. पुतळ्यासारखे निश्चल उभे राहण्याचा खेळ हा त्यांपैकी एक होता.

त्यांच्या निधनानंतर विल्यम स्टर्न यांनी १९१२ मध्ये मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना मांडली व त्यातून बुद्धिगुणांक आला. अमेरिकेत हेन्री गॉडार्ड यांच्यासारख्या अभ्यासकांनी या कसोटीचा वापर बुद्धी आनुवंशिक व अचल असल्याच्या मताच्या समर्थनार्थ केला. मुलांना मदत मिळावी म्हणून तयार झालेले साधन अशा रीतीने माणसांना कमी लेखण्यासाठीही वापरले गेले.

महाराष्ट्रातील वारसा

परभाषेतील प्रश्न शब्दशः भाषांतरित करून भागत नाही. मुलांच्या परिसराला अनुसरून ते बदलावे लागतात आणि स्थानिक मुलांवर पुन्हा प्रमाणित करावे लागतात. वि. वि. कामत यांनी तत्कालीन मुंबई प्रांतातील मराठी व कन्नड भाषिक मुलांसाठी असे रूपांतर केले. बिने-कामत कसोटी या नावाने ते ओळखले जाते. त्यावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. नागपूर येथे आर्थर मालिन यांनी डेव्हिड वेक्सलर यांच्या बालकांसाठीच्या कसोटीचे भारतीय रूपांतर १९६९ मध्ये तयार केले.

विशिष्ट अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांची बुद्धी सर्वसाधारण असूनही त्यांना वाचन, लेखन वा गणित अवघड जाते. म्हणून केवळ बुद्धिगुणांकावरून निदान होत नाही. त्याच्या जोडीला शैक्षणिक कौशल्ये तपासतात. मज्जामानसशास्त्रीय तपासणीत लक्ष, स्मृती, भाषा व दृक्-अवकाशीय आकलन यांचा वेगवेगळा विचार होतो. ऐकलेले अंक पुन्हा म्हणवून घेण्याची रीत त्यात आजही आहे. महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास सुरुवात केली, तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये या अक्षमतेचा समावेश झाला.