येवल्याची मंथरा

१९८७ सालची गोष्ट. रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास आमच्या चांदवडची पेठ ओस पडत असे. गल्लीत टीव्ही एकच. त्याच्यापुढे सतरंजी टाकून अख्खी आळी ‘रामायण’ पाहायला बसे. पडद्यावर मंथरा आली, की आजी बोटे मोडायची. आणि मी पोरांना हसवण्यासाठी डावा डोळा बारीक करून मंथरेची हुबेहूब नक्कल करायचो. ही बाई आपल्या जिल्ह्यातली, मनमाडपलीकडच्या येवल्याची, असे कोणीतरी सांगितले तेव्हा आजीचा विश्वासच बसेना. पैठणीच्या गावात असली बाई निपजेलच कशी, असा तिचा सवाल होता.

पण ते खरे होते. ललिता पवार यांचा जन्म १८ एप्रिल १९१६ रोजी येवल्यात झाला. मूळ नाव अंबा. मूकपटांच्या काळात, जेमतेम बाराव्या वर्षी त्या कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या, पुढे नायिका झाल्या. ‘कैलाश’ (१९३२) या चित्रपटाच्या निर्मितीतही त्यांचा वाटा होता.

मग आले १९४२ साल. ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवान यांना त्यांच्या थोबाडीत मारायची होती. ती जोरात बसली. चेहऱ्याला लकवा झाला, उपचार दीर्घकाळ चालले आणि डाव्या डोळ्यात कायमचा दोष राहिला. वय अवघे सव्वीस. नायिकेची वाट तिथेच बंद झाली.

दुसरी कोणी असती तर घरी बसली असती. बाईंनी तोच डोळा कामाला लावला. प्रभातच्या ‘रामशास्त्री’त (१९४४) त्या आनंदीबाई झाल्या आणि पुढे कजाग सासू म्हणजे ललिता पवार, हे समीकरण घराघरांत रुजले. मात्र त्या केवळ खाष्ट भूमिकांत अडकल्या नाहीत. एकाच वर्षी, १९५५ मध्ये, ‘मिस्टर अँड मिसेस ५५’मधली करारी आत्या आणि ‘श्री ४२०’मधली मायाळू केळेवाली त्यांनी उभी केली. ‘अनाडी’तल्या (१९५९) मिसेस डिसाने त्यांना फिल्मफेअर पुरस्कार दिला. वरून करवादणारी, आतून आई असलेली ती घरमालकीण ज्याने पाहिली, त्याला या बाईंची खरी ताकद कळली.

२४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या डोळ्यामागची हकिकत मी वाचली ती त्यानंतर, आणि गल्लीतल्या त्या नक्कलेची मनापासून लाज वाटली. ज्याला मी अभिनयातली लकब समजत होतो, ती जखम होती.

आजी तोवर राहिली नव्हती. असती, तर तिला एवढेच सांगितले असते, की तू मोडलेली बोटे हीच त्या येवल्याच्या लेकीच्या कामाला मिळालेली दाद होती.