मुंढव्याहून हडपसरकडे : सावित्रीबाईंचे अखेरचे दिवस

पुण्याच्या पूर्वेला मुंढवा आणि हडपसर ही आज एकमेकांना जवळजवळ चिकटलेली उपनगरे आहेत. रस्त्यावर गर्दी नसेल तर एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला रिक्षाने पंधरा-वीस मिनिटे पुरतात. १८९७ साली मात्र ही दोन वेगळी खेडी होती आणि मध्ये नुसती शेते नि मळे. त्या वर्षी प्लेगच्या दिवसांत सहासष्ट वर्षांची एक विधवा स्त्री मुंढव्याच्या तेव्हाच्या महारवाड्यातून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन हडपसरकडे निघाली. पांडुरंग बाबाजी गायकवाड हे त्या मुलाचे नाव. त्याला वाहून नेणाऱ्या स्त्रीचे नाव सावित्रीबाई फुले.

सावित्रीबाईंचे चरित्र मराठी वाचकाला शाळेपासून ठाऊक असते. सातारा जिल्ह्यातील नायगावी खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी ३ जानेवारी १८३१ रोजी जन्म, १८४० मध्ये जोतिरावांशी विवाह, १८४८ साली भिडे वाड्यातील मुलींची शाळा, अंगावर झेललेले शेणगोळे. एवढे सारे सविस्तर सांगून झाल्यावर पाठ्यपुस्तक शेवटी एका ओळीत उरकते, की प्लेगच्या साथीत त्यांचे निधन झाले. ही शेवटची ओळ जणू एखादा अपघात असावा, अशा सुरात लिहिलेली असते. वास्तविक तो अपघात नव्हता. ज्यांच्यासाठी कुठलेच दार उघडत नाही त्यांच्यासाठी आपले दार उघडायचे, हा या बाईंचा चाळीस-पन्नास वर्षांचा रिवाज होता, आणि प्लेगच्या साथीत त्यांनी तोच पुढे चालवला.

फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मधून प्रसिद्ध झाला. मांग-महारांच्या दुःखाचा पाढा वाचताना तिने बाळंतपणाचा विषय काढला आहे. डोक्यावर धड छप्पर नसताना, थंडी-पावसात या स्त्रिया प्रसूत होतात आणि त्यांचे हाल कुणाच्या गावी नसतात, असा तिचा आशय आहे. आज ज्याला आपण आरोग्यातील विषमता म्हणतो, तिचे इतके थेट वर्णन त्या काळच्या मराठीत क्वचितच सापडेल. ते एका शाळकरी मुलीने केले होते आणि तिच्या शाळेमागे उभ्या असणाऱ्यांत सावित्रीबाई होत्या.

पुढे १८६३ मध्ये फुल्यांच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झाले. फसवल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावे, मूल हवे तर न्यावे, नको तर ठेवून जावे, अशी ही व्यवस्था होती. पुनर्विवाहाची वाट बंद असलेल्या उच्च जातींतील विधवांसाठी ती प्रामुख्याने होती, हे विशेष. १८८४ पर्यंत पस्तीस स्त्रिया तेथे येऊन बाळंत झाल्याची नोंद जोतिरावांनी केली आहे. या स्त्रियांचे बाळंतपण, त्यांचे शेकशेगडी, तान्ह्या मुलांचे रात्रीचे जागरण कुणाच्या अंगावर पडत असेल, हे वेगळे सांगायला नको. त्यांतीलच एका ब्राह्मण विधवेचे मूल फुले दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतले. तेच यशवंतराव. त्यांना वैद्यकीचे शिक्षण दिले गेले आणि ते डॉक्टर झाले. १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला करणारेही हेच घर.

१८७६-७७ च्या दुष्काळात सावित्रीबाई जुन्नर भागात मदतकार्यासाठी फिरत होत्या. ओतूरहून त्यांनी जोतिरावांना पाठवलेल्या पत्रात गाव सोडून चाललेली माणसे, तडफडून मरणारी गुरे आणि सावकारांची दांडगाई यांचे चित्र आहे. सत्यशोधक कार्यकर्त्यांची धरपकड झाली तेव्हा त्या स्वतः कलेक्टरपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांना सोडवून आणले. नवऱ्याच्या सावलीत वावरणारी गृहिणी असे जे त्यांचे चित्र कधीकधी रंगवले जाते, ते या पत्रापुढे टिकत नाही. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिराव वारले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतःच्या हाती घेतले. सत्यशोधक समाजाची धुराही त्यांनी तशीच उचलली. १८९३ च्या सासवड येथील परिषदेच्या अध्यक्षस्थानी त्याच होत्या.

प्लेग आला तो मुंबईच्या वाटेने. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात त्याचे निदान केले आणि वर्ष उलटण्याच्या सुमारास पुण्यातही माणसे पटापट दगावू लागली. या रोगाचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत सापडला होता. पण उंदरांवरील पिसवांमार्फत तो माणसाला गाठतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवले आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे लागली. हाफकिन यांनी आपली लस १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःलाच टोचून घेतली, तरी ती प्रतिबंधाची लस होती, उपचार नव्हे. प्रतिजैविके तर अर्धशतक दूर होती. म्हणजे काखेत वा जांघेत गाठ आलेल्या रुग्णासाठी करण्यासारखे फारच थोडे होते. सावलीची जागा, पाणी, स्वच्छ कपडे, थोडे अन्न आणि जवळ बसणारे माणूस.

अशा वेळी शुश्रूषा कोणाच्या वाट्याला येते, हाच प्रश्न उरतो. आणि ती जातीनुसार वाटली गेलेली होती. ज्यांची ऐपत होती ते गावाबाहेरच्या मोकळ्या जागी राहायला गेले, त्यांना खाजगी डॉक्टर मिळाले. वस्तीतल्या मजुराला यातले काहीच शक्य नव्हते. गटारे उपसणे, मेलेली जनावरे ओढून नेणे ही कामे तर ज्यांच्या माथी जातीनेच मारलेली, ते घाण आणि उंदीर यांपासून दूर पळणार कुठे? शिवाय ज्याच्या स्पर्शाचा एरवीही विटाळ मानला जातो, त्याच्या काखेतली गाठ तपासायला कुठला वैद्य हात पुढे करणार?

सरकारी इस्पितळांबद्दल लोकांच्या मनात धास्ती होती. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईच्या आर्थर रोड इस्पितळावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला आणि अधिकाऱ्यांना अमर्याद म्हणावेत असे अधिकार मिळाले. (हाच कायदा मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत पुन्हा बाहेर काढावा लागला, हे वाचकांना स्मरत असेल.) उच्चवर्णीयांना भीती होती ती परक्या हाताच्या पाण्याची आणि शेजारच्या खाटेवर कोण असेल याची. त्यातून मुंबई-पुण्यात निरनिराळ्या समाजांची स्वतंत्र प्लेग इस्पितळे उभी राहिली. त्यामागची कळकळ खोटी नव्हती. परंतु ज्या समाजाकडे पैसा नाही, वर्तमानपत्र नाही आणि सरकारदरबारी शब्द टाकणारा पुढारीही नाही, त्याचे इस्पितळ कोण काढणार, याचे उत्तर त्या व्यवस्थेत नव्हते.

ते उत्तर सावित्रीबाईंनी आपल्यापुरते दिले. लष्करी सेवेत असलेल्या यशवंतरावांना त्यांनी बोलावून घेतले आणि हडपसरजवळ, ससाणे मळ्याच्या परिसरात, गावापासून दूर मोकळ्या माळावर दवाखाना सुरू करायला लावला. ससाणे हे यशवंतरावांचे सासर. त्यांची पत्नी राधा मात्र दोन वर्षांपूर्वीच, १८९५ मध्ये, वारली होती. स्थळाची निवड विचारपूर्वक केलेली दिसते. गर्दीच्या पेठांपासून लांब, उघडी हवा, आणि येथे येणाऱ्याला जात विचारली जाणार नाही, ही खात्री. मुलगा डॉक्टर आणि आई शुश्रूषा करणारी, असे हे इस्पितळ होते. नुसता दवाखाना काढून भागणार नव्हते, कारण ज्यांना तेथवर चालत येणे जमत नव्हते, त्यांना आणणार कोण? सावित्रीबाई वस्त्यांतून फिरून रुग्ण शोधत आणि त्यांना घेऊन येत. मुंढव्याच्या त्या मुलाला पाठीवर घेण्याचा प्रसंग याच फेऱ्यांपैकी एक.

त्या काळी या कामात त्या एकट्याच नव्हत्या. मुंबईत त्यांचे सत्यशोधक सहकारी आणि गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे प्लेगग्रस्तांसाठी धावपळ करीत होते. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच त्यांना गाठले. ही बातमी सावित्रीबाईंपर्यंत पोहोचली नसेल असे संभवत नाही. या कामाचा शेवट काय होऊ शकतो, हे त्यांना त्यानंतर निराळे कळायला नको होते. तरी हडपसरच्या फेऱ्या चालूच राहिल्या. रुग्णांच्या सहवासात त्यांनाही प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

पुण्यात रँडसाहेबाच्या देखरेखीखाली गोऱ्या सोजिरांकडून घरझडत्या सुरू झाल्या त्या यानंतर, मार्चच्या मध्यास. देवघरात बूट घालून शिरणारे सैनिक, बायकांची तपासणी, अंगणात पेटवलेले सामान यांवरून शहर संतापले ते योग्यच होते. २२ जून रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. पुण्याच्या प्लेगचा इतिहास आपण सांगतो तो बहुतेक येथून सुरू होतो आणि येथेच संपतो. झडती ज्यांच्या घरात झाली त्यांची बाजू त्यात सविस्तर येते. मुंढव्यासारख्या गावांच्या वेशीबाहेर माणसे कशी मेली, कोणी त्यांना पाणी पाजले, हे त्यात येत नाही. रँडची कथा कितीही थरारक असली, तरी त्याआधीच्या दोन महिन्यांची ही कथा तिच्याइतक्याच ठळकपणे सांगितली जायला हवी होती, असे वाटते.

यशवंतराव त्या साथीतून वाचले. पुढची काही वर्षे प्लेग पुण्याला पुनःपुन्हा भेट देत राहिला. १९०५ च्या साथीत रुग्णसेवा करतानाच डॉ. यशवंत फुले यांचेही प्लेगने निधन झाले.