जाहिरातीच्या पानावरील धुरंधर

रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे नाव निघाले की शिवराज्याभिषेकाचे भव्य चित्र आठवते. चित्रकाराची थोरवी चौकटीतल्या चित्रांवरून ठरविण्याची आपली रीत आहे. धुरंधरांच्या बाबतीत ती अपुरी पडते. कारण त्यांच्या कलेचा मोठा भाग भिंतीवर न लागता छापील कागदावरून घरोघर पोहोचला.

१८६७ साली कोल्हापुरात जन्मलेले धुरंधर १८९० मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाले. १८९५ मध्ये त्यांनी बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळविले. पुढे त्याच संस्थेत अध्यापन करून ते १९३१ मध्ये निवृत्त झाले. ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ या आत्मचरित्राच्या नावातच त्या सहवासाचा हिशेब आहे.

अध्यापनाच्या जोडीला छपाईसाठीचे कामही चालू होते. एडवर्ड्स यांचे ‘बायवेज ऑफ बॉम्बे’ (१९१२), किंकेड यांनी इंग्रजीत सांगितलेल्या दख्खनच्या कहाण्या, रॉथफील्ड यांचे ‘विमेन ऑफ इंडिया’ (१९२०) ही पुस्तके त्यांनी सजविली. हाजी महंमद अलारखिया यांच्या ‘वीसमी सदी’ या गुजराती मासिकासाठी, पोस्टकार्डांसाठी आणि जाहिरातींसाठीही त्यांनी चित्रे काढली. जाहिरातीला क्षणात नजर वेधून घ्यावी लागते. लुगड्याचा काष्टा, पागोट्याचा घाट, उभे राहण्याची ढब एवढ्यावरून माणूस ओळखू यावा, हे कसब धुरंधरांपाशी विपुल होते. म्हणूनच त्यांची ही चित्रे त्या काळच्या मुंबईचा विश्वसनीय दस्तऐवज ठरतात.

हा दस्तऐवज जपण्याची वेळ येते तेव्हा मात्र आपण हलगर्जी ठरतो. ग्रंथालयात जुन्या मासिकांचे अंक बांधताना पुष्कळदा मुखपृष्ठ आणि जाहिरातींची पाने काढून टाकली जातात. मजकूर उरतो, चित्र रद्दीत जाते. सूचीत लेखकाची नोंद होते. चित्राच्या कोपऱ्यातील सही कोणी वाचत नाही. संगणकावर पाने उतरवितानाही हीच चूक होऊ नये.

याला मोठा खर्च लागत नाही. अंक मुखपृष्ठासह बांधावेत, सूचीत चित्रकाराच्या नावाला जागा द्यावी. शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांना जुने अंक चाळायला लावावेत. सह्या शोधण्याचे काम तेही आनंदाने करतील. धुरंधर १९४४ मध्ये निवर्तले. त्यांची मोठी चित्रे संग्रहालये सांभाळतील. त्यांची छापील चित्रे सांभाळणे हे गावोगावच्या ग्रंथालयांचे कर्तव्य आहे.