पोस्टमनचा पोलीस प्रमुख झाला आणि त्याने साध्या शिपायाला निर्णय घ्यायला शिकवलं

गोष्ट आहे १९०४ सालची. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातलं बर्कली शहर. मालगाडीचा एक सुटा डबा उतारावरून घरंगळत निघाला होता आणि पुढे स्टेशनात प्रवासी गाडी उभी होती. एका पोस्टमनने ते पाहिलं. त्याने धावत जाऊन डब्यावर उडी मारली, ब्रेक आवळला आणि मोठा अपघात टळला.

या पोस्टमनचं नाव ऑगस्ट व्होल्मर. जन्म १८७६ चा, न्यू ऑर्लिन्स शहरातला. आईवडील जर्मनीहून आलेले. शाळा अर्धवट सुटलेली. फिलिपिन्सच्या युद्धात लढून आल्यावर ते बर्कलीत टपाल वाटायचे. या घटनेने शहरभर नाव झालं आणि १९०५ मध्ये लोकांनी त्यांना मार्शल म्हणून निवडून दिलं. १९०९ मध्ये ते शहराचे पहिले पोलीस प्रमुख झाले.

आज अमेरिकेत त्यांना आधुनिक पोलिसिंगचे जनक म्हणतात. पण त्यांनी असं केलं तरी काय?

तेव्हा अमेरिकेत पोलिसाची नोकरी बऱ्याचदा राजकीय वशिल्यावर मिळायची. ट्रेनिंग नावालाच. बिल्ला आणि दंडुका हातात दिला की माणूस ड्युटीवर. वरून हुकूम आला की पाळायचा, एवढंच त्याचं काम.

व्होल्मर यांनी इथेच बदल केला. त्यांनी गस्तीच्या पोलिसांना सायकली दिल्या. शहरात जागोजागी लाल दिवे लावले. दिवा लागला की त्या बीटवरच्या पोलिसाने जवळच्या फोनवरून ठाण्याशी बोलायचं. पण घटनास्थळी तो पोहोचणार एकटाच. तिथे काय करायचं, हे ठरवायला साहेब सोबत नसणार. म्हणजे त्याला कायदा माहीत हवा, पुरावा ओळखता यायला हवा आणि डोकं शांत ठेवता यायला हवं.

म्हणून १९०८ मध्ये त्यांनी बर्कलीत पोलिसांसाठी शाळा काढली. शेजारच्या विद्यापीठातले प्राध्यापक तिथे शिकवू लागले. पुढे त्यांनी कॉलेजात शिकणाऱ्या मुलांनाच भरती केलं. १९१९ मध्ये वॉल्टर गॉर्डन हे कृष्णवर्णीय तरुण बर्कली पोलिसांत आले. १९२१ मध्ये त्यांच्याच एका पोलिसाने, जॉन लार्सन यांनी, लाय डिटेक्टर तयार केला.

सगळ्यात वेगळी गोष्ट म्हणजे शुक्रवारची बैठक. तिथे कुणीही पोलीस आपली तक्रार मांडू शकायचा, अगदी थेट प्रमुखांविरुद्धसुद्धा.

मग १९२३ मध्ये लॉस एंजेलिसने त्यांना एका वर्षासाठी प्रमुख म्हणून बोलावलं. तिथे मात्र गाडी अडली. खातं प्रचंड मोठं, भ्रष्टाचार मुरलेला आणि राजकारण्यांचा हात सगळीकडे. वर्षभराने व्होल्मर परतले आणि त्यांचे बरेचसे बदल मागे पडले. बर्कलीत त्यांनी खालची माणसं वर्षानुवर्षं घडवली होती. लॉस एंजेलिसमध्ये बदलला होता तो फक्त वरचा माणूस.

१९३१ मध्ये राष्ट्रीय पातळीवरच्या विकरशॅम आयोगासाठी त्यांनी पोलिसांवरचा अहवाल तयार केला. प्रमुखांना पदावर पुरेसा काळ मिळत नाही आणि राजकीय हस्तक्षेप थांबत नाही, हे त्यात स्पष्ट मांडलं होतं. १९३२ मध्ये ते निवृत्त झाले. शाळा अर्धवट सुटलेला हा माणूस आता विद्यापीठात प्राध्यापक होता.

गंभीर आजार जडलेल्या व्होल्मर यांनी १९५५ मध्ये बर्कलीतल्या घरी आपलं आयुष्य संपवलं.

त्यांचे सगळ्यात नावाजलेले शिष्य म्हणजे ओ. डब्ल्यू. विल्सन. १९६० मध्ये ते शिकागोचे पोलीस प्रमुख झाले. पण त्यांचा भर होता तो गाडीतल्या गस्तीवर आणि वरून चालणाऱ्या कडक नियंत्रणावर. गुरूची शिस्त आणि तंत्रज्ञान त्यांनी उचललं, पण बीटवरच्या पोलिसावर टाकलेला विश्वास तेवढा उचलला नाही. पुढे अमेरिकेतल्या कितीतरी शहरांनी विल्सन यांचाच रस्ता धरला.

काही दशकांनी, पोलीस आणि लोक एकमेकांपासून तुटल्याची ओरड वाढली, तेव्हा बीटवरच्या पोलिसाला पुन्हा अधिकार द्या, अशी मागणी अमेरिकेत सुरू झाली. सायकलवरून गस्त घालणाऱ्या बर्कलीच्या पोलिसाला ते अधिकार कधीच मिळाले होते.