सशाचं आतडं, दोरा आणि कॉलऱ्याचं विष

कॉलरा म्हटलं की मायक्रोबायॉलॉजीवाल्यांना आधी रॉबर्ट कॉख आठवतो. १८८४ मध्ये त्याने कोलकात्यात येऊन या जंतूवर काम केलं. पण हा जंतू माणसाला मारतो कसा, हे कळायला आणखी ७५ वर्षं लागली. तेही शोधलं कोलकात्यातच, तिथल्याच एका डॉक्टरने. त्यांचं नाव शंभुनाथ डे.

१९१५ मध्ये हुगळी जिल्ह्यात जन्म, कलकत्ता मेडिकल कॉलेजमध्ये शिक्षण, १९४९ मध्ये लंडनहून पीएचडी. डे तिकडे राहिले नाहीत, परत आले. जंतू विष सोडत असावा, हा अंदाज कॉखचाच. ते विष शोधायला अनेकांनी प्राण्यांच्या रक्तात, पोटाच्या पोकळीत इंजेक्शनं दिली. डेंचा हिशेब साधा होता : रोग आतड्यात होतो ना, मग आतड्यातच बघू. त्यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक भाग दोन्हीकडून दोऱ्याने बांधला आणि आत जंतू सोडले. दुसऱ्या दिवशी तो पाण्याने टम्म फुगलेला! हे काम १९५३ मध्ये छापून आलं. मग त्यांनी जंतू गाळून टाकले आणि नुसतं उरलेलं द्रव वापरलं. तरी आतडं फुगलंच. म्हणजे खेळ विषाचा होता. १९५९ मध्ये हा पेपर ‘नेचर’मध्ये आला.

हे विष आतड्याच्या पेशींना पाणी आणि क्षार बाहेर टाकायला लावतं. ते वेळेत भरून काढलं तर पेशंट वाचतो.

पुढचा भाग तर भन्नाट आहे. विष बनवणारे जीन्स मुळात जंतूचे नाहीतच! जंतूला संसर्ग करणाऱ्या एका व्हायरसने ते त्याच्या डीएनएत आणून बसवले, हे १९९६ मध्ये अमेरिकेतल्या वॉल्डर आणि मेकालानोस यांनी दाखवलं. याच जातीचे, पण हे जीन्स नसलेले कितीतरी जंतू नदी-खाडीत राहतात आणि कॉलऱ्याची साथ आणत नाहीत.

हे बघायला डे नव्हते. तुटपुंज्या साधनांमुळे त्यांना विष शुद्धही करता आलं नव्हतं; ते १९६९ मध्ये अमेरिकेत झालं. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचं नाव नोबेलसाठी एकाहून जास्त वेळा सुचवलं. १९७८ मध्ये नोबेल परिसंवादाचं बोलावणंही आलं. भारतात मात्र ना मोठा पुरस्कार, ना विज्ञान अकादमीची फेलोशिप. १९८५ मध्ये ते गेले. ‘करंट सायन्स’ने त्यांच्यावर विशेषांक काढला, तो १९९० मध्ये.