वाट पाहणारीचे घर



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एका थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्या, असे चिटणीसबाई म्हणाल्या तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण ते काय, सातवीपर्यंतचे. मग मीच डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव मागून घेतले. कारण तुम्हाला ठाऊकच आहे. माझी मुलगी पुण्याला सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात मुलाखत देऊन आली आहे आणि यादी अजून लागायची आहे. सध्या फोन वाजला की माझी पोळी तव्यावर करपते.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेर कल्याणचे, नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले. पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला, वयाने बरेच मोठे, आणि बायकोने शिकलेच पाहिजे या हट्टाचे. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. बाईला बाईच वैद्य हवी, ही गोष्ट त्यांच्या मनात तिथे रुजली.

पत्नीला अमेरिकेत शिकता येईल का, असे गोपाळरावांनी तिकडच्या एका मिशनऱ्याला पत्राने विचारले होते. ते पत्र तिथल्या मासिकात छापले गेले. दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या कार्पेंटर नावाच्या एका बाईंनी ते वाचले. ना ओळख ना देख, पण त्यांनी १८८० मध्ये आनंदीबाईंना पत्र घातले. पत्रापत्रीतून त्या आनंदीबाईंच्या मावशी झाल्या.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथे आनंदीबाईंनी जाहीर सभेत, मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, अशा आशयाचे सांगितले. ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोट सुटली. पती मागे राहिले. जवळजवळ दोन महिन्यांनी, ४ जूनला, त्या न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा. उतरवून घ्यायला ह्या मावशी आल्या होत्या.

आता मला जे सांगायचे आहे ते इथे आहे. बोटीतून उतरल्या म्हणजे प्रवेश मिळाला, असे नव्हते. न्यूजर्सीतील रोझेल गावी, मावशींच्या घरून, जून अखेर त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला अर्जाचे पत्र लिहिले. हे महाविद्यालय १८५० साली निघालेले. त्यांची मुलाखत म्हणजे ते पत्रच. आपले शिक्षण अटींना कदाचित पुरे पडणार नाही, हे त्यांनी लपवले नाही. आपल्या देशातील बायका पुरुष वैद्याला नाडी दाखवण्यापेक्षा दुखणे अंगावर काढतात, म्हणून मी आले, एवढे मात्र ठामपणे मांडले. नकार आला असता तर सातासमुद्रांवरून हात हलवत परतायचे होते, आणि नावे ठेवणारे इकडे तयारच होते.

तो काळ त्यांनी कुणाच्या आधाराने काढला? परक्या बाईच्या घरच्या. तिथे त्या आपली साडी नेसून, आपले शाकाहारी अन्न खाऊन राहिल्या. होकार आला आणि ऑक्टोबर १८८३ पासून अभ्यास सुरू झाला. प्राचार्य रेचल बॉडली यांनीही मायेने पाहिले. थंडीने व आजाराने शरीर पोखरले, तरी ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर डॉक्टर झाल्या. समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम गेल्या होत्या.

कोल्हापूरच्या इस्पितळातील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. त्या परतल्या त्या क्षय घेऊनच. ज्या बायकांसाठी शिकल्या त्यांची नाडी धरायला मिळालीच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यांची रक्षा गोपाळरावांनी मावशींकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी गावी, कार्पेंटरांच्या कुटुंबाच्या जागेत, ती आजही आहे. वाट पाहताना जिने घर दिले, तिनेच शेवटी जागाही दिली.

हे वाचले आणि माझी मलाच लाज वाटली. पंधरा दिवस मी मुलीला उठता बसता एकच विचारत होते, काही कळले का? आणि नाही लागले नाव तर पुढे काय? त्या मावशीने असे विचारले असेल, असे मला वाटत नाही. परवापासून मी विचारणे बंद केले. काल रात्री बऱ्याच दिवसांनी मुलगी पोटभर जेवली आणि आपणहून माझ्याशी बोलत बसली.

शेजारणींनो, तुमची आपुलकी मी जाणते. घरी जरूर या, चहा घ्या, तिच्याशी इकडचे तिकडचे बोला. यादीचे तेवढे विचारू नका. नाव लागले तर पेढे घेऊन मीच येईन. नाही लागले तरी येईन, आणि तेव्हा मला तुमच्या ओट्यावर घटकाभर बसू द्या.